रोगराई, परसत्ता आणि वर्तमानपत्रें

परकी सत्ता व साथीचा रोग हीं दोन्हीं देशांत एकदम ठाण मांडून बसलीं, म्हणजे वर्तमानपत्रकाराचें कर्तव्य काय, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तावरून काय घडलें आणि त्यापाठोपाठ टिळकांस राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सजा कशी झाली, हें सर्वश्रुतच आहे. परंतु त्याच सुमारास मिसर देशांतील अरबी पत्रकारांपुढेंही हाच प्रश्न उभा होता, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांच्या इतिहासांत आपणांस धडाही आहे आणि इशाराही आहे.

१८८२ सालीं इंग्रजांनीं मिसर व्यापला. पुढल्याच वर्षीं दमिएत्ता शहरीं पटकी उद्भवली व देशभर पन्नास हजारांवर माणसें दगावलीं. हा रोग हिंदुस्थानांतून जहाजांवरून आला असें ठरतें, तर सुवेझच्या कालव्यांतील जहाजांस क्वारंटाइनमध्यें अडकून पडावें लागतें. आणि तीं जहाजें तर बहुतेक इंग्रजांचीं! इंग्रज सरकारनें चौकशीस डॉ. गायर हंटर यांस पाठविलें. हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाचे माजी प्रिन्सिपॉल. रोग बाहेरचा नव्हे, मिसरचाच आहे, असा त्यांनीं निर्वाळा दिला. रॉबर्ट कॉख यांनीं अलेक्झांड्रियांत व मग कलकत्त्यास शोध करून १८८४ सालीं पटकीचा जंतु जगापुढें मांडिला, तरी व्यापाराच्या सोयीचा हा हेका लवकर सुटला नाहीं. ज्याचा दाव्यांत स्वार्थ तोच न्यायासनावर बसला, तर त्याच्या निकालावर कोण विश्वास ठेवील? मिसरी जनतेनें सरकारी वैद्यकाकडे संशयानें पाहिलें असेल, तर त्याचा दोष तिच्या अज्ञानाच्या माथीं मारणें अन्यायाचें होय.

अशा संशयास वाचा फोडणें हें पत्रांचें काम. शेख अली युसूफ यांनीं १८८९ सालीं काढलेल्या ‘अल्-मुअय्यद’ पत्रानें तें केलें. १८९६ सालीं सुदानच्या स्वारींत गुंतलेल्या मिसरी फौजेंत पटकी शिरली होती. फौजेच्या स्थितीविषयीं किचनेर यांनीं युद्धमंत्र्यास धाडलेली गुप्त तार या पत्रानें छापली. खटला झाला व शेखसाहेब निर्दोष सुटले. ज्यांचे मुलगे त्या फौजेंत होते, त्यांस तिची हकीकत कळण्याचा हक्क नव्हता, असें कोण म्हणेल?

हा झाला धडा, आतां इशारा. सप्टेंबर १९४७ मध्यें शर्किया प्रांतांतील अल्-कुरैन गांवीं पुनः पटकी फुटली. जवळच इंग्रजांच्या छावण्या होत्या. इंग्रज शिपायांनींच हिंदुस्थानांतून हा रोग आणला, असा आरोप मिसरी पत्रांनीं केला; इंग्रजांनीं तो नाकारला; आणि रोगाचें मूळ निश्चितपणें सिद्ध झालें नाहीं. पूर्वानुभव पाहतां संशय घेणें वाजवीच होतें. परंतु संशय हा पुरावा नव्हे, एवढा विवेक कायद्याप्रमाणें संपादकीय लेखणीसही हवा. त्या साथींत सुमारें वीस हजार लोकांस लागण झाली व त्यांपैकीं निम्मे मेले. लस मात्र देशोदेशींहून आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंतरिम मंडळानें ती मिळवून देण्यास हात लाविला, आणि कांहीं महिन्यांत साथ आटोपली. परकी फौज नको म्हणणें व परकी लस नको म्हणणें या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत. पहिल्या गोष्टीनें देश जगतो. दुसरीनें माणसें मरतात.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, तें येमेनमध्यें दिसलें. मार्च २०१५ मध्यें सौदी अरबस्तानच्या पुढाकारानें शेजारी फौजा त्या देशाच्या यादवींत उतरल्या. पाण्याचीं व मैल्याचीं व्यवस्था मोडली, दवाखाने पडले, आरोग्यसेवकांचे पगार थकले. ऑक्टोबर २०१६ मध्यें पटकी सुरू झाली आणि २०१७ च्या अखेरीस संशयित रोग्यांची संख्या दहा लाखांवर गेली. एका पक्षाचीं पत्रें व वाहिन्या नाकेबंदीवर बोट ठेवीत, तर दुसऱ्या पक्षाचीं हूतींनीं मदतीच्या धान्यांत केलेल्या अडथळ्यावर. दोहोंत तथ्य होतें. परंतु आपल्याच धन्याचा दोष छापण्याची छाती किती जणांस झाली? ज्या पत्राचा मालक लढाईंतील पक्षकार, त्याच्या स्तंभांत मेलेलें मूल देखील केवळ प्रतिपक्षाविरुद्धचा साक्षीदार होऊन बसतें.

आमचें म्हणणें इतकेंच. सत्ता परकी असो वा स्वकीय, तिनें दडविलेला आंकडा छापावा. पण न पडताळलेला आंकडा आपल्या पक्षास सोयीचा असला तरी छापूं नये. सरकारावर टीका करणाऱ्या अंकांतच पाणी उकळून प्या व टोंचून घ्या, हेंही ठळक सांगावें. आमच्या व्यापारी बंधूंसही एक विनंति आहे. साथीची खरी बातमी छापली म्हणजे बाजार बसतो, म्हणून संपादकाचें तोंड धरूं नये. १८८३ सालीं जहाजांचे चार दिवस वांचविण्यासाठीं सत्य झांकलें गेलें. त्यानें लोकांचा सरकारी वैद्यकावरील विश्वास गेला, आणि तो कोणत्याही बाजारीं विकत मिळत नाहीं.