गणवृत्त आणि कॅराओकेची रंगपट्टी

घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक कॅराओकेत, म्हणजे गायकाविना वाजणाऱ्या संगीतासोबत पडद्यावर अक्षरे रंगत जाणाऱ्या चित्रफितीत, बसवायचे झाल्यास वेळ जुळवण्याचे निम्मे काम भुजंगप्रयात वृत्तानेच करून ठेवलेले आढळते. या वृत्ताच्या चरणात चार 'य' गण, म्हणजे एक लघु व दोन गुरू अशा अक्षरांचे चार गट असतात. लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा धरल्यास बारा अक्षरांच्या २० मात्रा होतात, आणि चरण चार सेकंदांत म्हटला जात असेल तर मात्रेच्या वाट्याला सेकंदाचे २० शतांश येतात. एजिसब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अक्षराचा कालावधी शतांशांतच नोंदवतात, हे येथे सोयीचेच. तोच वेळ बारा अक्षरांत सरसकट वाटला, तर प्रत्येकाला सुमारे ३३ शतांश मिळून पहिल्या लघूनंतर रंग १३ शतांशांनी मागे पडतो, पुढच्या गुरूनंतर सातांनी, आणि गण संपताच मेळ पुन्हा बसतो. त्यामुळे सगळ्या ओळी मागेपुढे सरकवून हा दोष जात नाही, कारण तो उपाय सुरुवातीपासून अखेरपर्यंत सारखाच राहणाऱ्या फरकावरचा आहे. अर्थात चालीत चरणान्तीचे अक्षर बरेचदा लांबवले जाते, आणि तेथे मात्रांचा हिशेब बाजूला ठेवून ध्वनिलहरींच्या आलेखावर कान देऊनच खूण करावी लागते.