खापर प्रेक्षकाच्या माथी!

17 मार्च 2025 रोजी नागपूरच्या महाल भागात काय घडले, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. शिवरायांच्या पुतळ्यापाशी विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाचे आंदोलन झाले, औरंगजेबाची प्रतीकात्मक कबर जाळली गेली, पवित्र मजकुराची चादर जाळल्याची अफवा सुटली आणि सायंकाळनंतर चिटणीस पार्कपासून हंसापुरीपर्यंत दगड चालले, वाहने पेटली, पोलिस उपायुक्तांवर कुऱ्हाडीचा घाव पडला. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निदान केले: संभाजीराजांवरच्या 'छावा' चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धचा राग उफाळला. हिंसाचार पूर्वनियोजित दिसतो, हेही त्यांनीच सांगितले!

यातले खरे कोणते? कट शिजला असेल, तर गृहखात्याचा गुप्तवार्ता विभाग काय करत होता? आणि रागच उफाळला असेल, तर 14 फेब्रुवारीपासून महिनाभर हाच चित्रपट पुण्यात, कोल्हापुरात, साताऱ्यात तुडुंब चालला, तिथल्या गल्ल्या शाबूत कशा राहिल्या? गृहखाते ज्यांच्या हाती, घर ज्यांचे याच नागपुरात, त्यांनी उत्तर द्यायचे सोडून पडद्याकडे बोट दाखवावे? चोर सोडून संन्याशाला सुळी!

या संन्याशाला, म्हणजे 'छावा'च्या प्रेक्षकाला, आम्ही ओळखतो. संभाजीराजांच्या अखेरच्या यातना पाहून तो डोळे पुसत बाहेर आला आणि पानठेल्यापर्यंत पोहोचता पोहोचता त्याने निकालही दिला: रहमानचे संगीत या काळाला शोभत नाही, पूर्वार्ध रेंगाळतो, विकी कौशलच्या डरकाळ्यांपेक्षा अक्षय खन्नाच्या औरंगजेबाचे गप्प बसणे अधिक बोलते. वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'मधला प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब याच मराठी प्रेक्षकाने डोक्यावर घेतला आणि त्याच नाटकातल्या शंभूराजांसाठी तो गहिवरला. टाळी नटाला असते, हे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नागपूरला कोणी शिकवायला नको. भोसल्यांच्या वाड्याच्या सावलीत राहणाऱ्याला इतिहासाचे प्रेम तर शिकवायला नकोच नको.

मग भडकवले कोणी? ज्यांनी 'छावा'चे फुकट खेळ लावून फलकांवर शंभूराजांपेक्षा स्वतःच्याच छब्या मोठ्या केल्या, मंत्रिपदावर बसून खुलताबादची औरंगजेबाची कबर उखडण्याच्या आरोळ्या ठोकल्या, तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाला रोज सकाळी उठवून मतांच्या बाजारात फिरवला, आणि आग लागताच 'आम्ही नाही, सिनेमाने!' म्हणत हात झटकले, त्यांनी. अफवेची शहानिशा न करता रात्री शेजाऱ्याच्या दारातली गाडी पेटवणारेही त्याच माळेचे मणी. दोघांनाही प्रेक्षकाची ढाल हवी आहे.

मिळणार नाही!

23 मार्चला संचारबंदी पूर्ण उठेपर्यंत हातगाडीवाल्यांच्या चुली थंड होत्या. जखमी झालेल्या एका नागरिकाने रुग्णालयात प्राण सोडला. ही जबाबदारी कोणत्याही दिग्दर्शकाची नव्हे, तिकीट काढणाऱ्याची तर नव्हेच. ती गृहखात्याची आहे. मुख्यमंत्र्यांनी 'छावा'विषयीचे ते विधान त्याच सभागृहात मागे घ्यावे आणि सकाळी प्रतीकात्मक कबर जाळली गेल्यावर सायंकाळपर्यंत महालात पुरेसा बंदोबस्त का नव्हता, एवढेच सांगावे.