हेडफोन बिचारा निर्दोष आहे!

ब्लूटूथ हेडफोनवर गाणं मस्त चालू असतं, तुम्ही मीटिंगला जॉइन होता आणि तेच गाणं एकदम डब्यात कोंबल्यासारखं वाजायला लागतं. झालं! लोक ड्रायव्हर उडवतात, लॅपटॉप फॉरमॅट करतात, काहीजण तर नवा हेडफोन घेऊन मोकळे होतात. नव्यातही तेच!

अहो, बिघाड नसतोच. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाण्याचा स्टिरिओ रस्ता, एटूडीपी, हा एकेरी आहे. हेडफोनचा माइक चालू झाला की दुहेरी रस्ता लागतो. तो एचएफपी, मुळात फोनवर बोलण्यासाठी केलेला. तिथे आवाज मोनो आणि सेकंदाला बहुतेक वेळा ८,००० किंवा १६,००० सॅम्पल्स. सीडीवर ४४,१०० असतात! माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा, गाणं जागेवर येतं. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या एलई ऑडिओत यावर तोड आहे, पण दोन्हीकडची उपकरणं तशी हवीत.

माझा राग आपल्याच जातभाईंवर आहे. बॅटरीच्या टक्क्याटक्क्याची बातमी देणारे आपण सॉफ्टवेअरवाले 'माइकमुळे आवाजाचा दर्जा उतरवलाय' एवढं एक वाक्य सहसा दाखवत नाही. मीच आत्तापर्यंत तीन मित्रांची हेडफोन खरेदी थांबवलीय, नुसता इनपुट बदलून.