ज्येष्ठतेने येणारे संदेष्टेपद

सन २०२५ मध्ये दोन जागतिक धर्मसंस्थांच्या सर्वोच्च पदांवर नव्या व्यक्ती आल्या. मे महिन्यात रोममध्ये कार्डिनल मंडळींची सभा भरली, सिस्टाईन कपेलाच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि पोप लिओ चौदावे यांचे नाव जगाला कळले. पुढे २७ सप्टेंबर रोजी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे मॉर्मन पंथाचे अध्यक्ष रसेल नेल्सन वयाच्या १०१ व्या वर्षी निवर्तले व १४ ऑक्टोबर रोजी त्यांच्या जागी डॅलिन ओक्स यांची स्थापना झाली. तेथे धूर नव्हता आणि उत्कंठाही नव्हती. बारा प्रेषितांच्या मंडळात ज्याची नेमणूक सर्वांत आधी झाली असेल तो हयात प्रेषित अध्यक्ष होतो, हा त्या पंथाचा दीर्घकाळचा रिवाज आहे. त्यामुळे नवा अध्यक्ष कोण हे सर्वांना आधीच ठाऊक होते. नेल्सन २०१८ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा ९३ वर्षांचे होते. ओक्सही ९३ व्या वर्षीच त्या पदावर आले. नेल्सन हृदयशल्यविशारद होते, तर ओक्स कायद्याचे प्राध्यापक आणि युटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती.

ज्येष्ठतेने अध्यक्षपद देण्यात वावगे काहीच नाही. पण हे पद अध्यक्षपदापाशी थांबत नाही. दरवर्षी एप्रिल व ऑक्टोबरमध्ये त्या पंथाची सर्वसाधारण परिषद भरते. तीत अध्यक्ष, त्यांचे दोन सल्लागार व बारा प्रेषित अशा पंधरा जणांना सभासद हात उंचावून 'संदेष्टे, द्रष्टे आणि प्रकटीकरणकर्ते' म्हणून मान्यता देतात. सुमारे पावणेदोन कोटी सभासद असल्याचे सांगणाऱ्या या पंथाची सगळी इमारत याच दाव्यावर उभी आहे. प्रेषितांच्या निधनानंतर मूळ ख्रिस्तसभा भ्रष्ट झाली, स्वर्ग मुका झाला आणि जोसेफ स्मिथ यांच्याद्वारे देव पुन्हा बोलू लागला, असे ते मानतात. देव आजही संदेष्ट्यांद्वारे बोलतो, हे त्यांचे रोमला, जिनिव्हाला आणि साऱ्या ख्रिस्ती जगाला दिलेले आव्हान आहे. म्हणूनच त्यांना एक प्रश्न विचारणे उद्धटपणाचे ठरू नये : हे पंधरा जण खरोखर संदेष्ट्यांसारखे वागतात काय?

(येथे 'मॉर्मन' हा शब्द वापरला आहे, तो केवळ सोयीसाठी. अंतिम दिनांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी, हे त्यांचे अधिकृत नाव. या शब्दाची कथाही बोलकी आहे. १९९० मध्ये गॉर्डन हिंकली यांनी, तेव्हा ते अध्यक्ष नव्हते, या टोपणनावाचा अर्थ आपण उदात्त करावा असे परिषदेत सांगितले होते. पुढे 'मी मॉर्मन आहे' अशा जाहिरातींवर पंथाने मोठा खर्च केला. २०१८ मध्ये मात्र, हे टोपणनाव स्वीकारणे म्हणजे सैतानाचा विजय होय, असे नेल्सन यांनी त्याच परिषदेत जाहीर केले.)

पवित्र शास्त्रातील संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा नव्हे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकलो आहोत. तो देवाचे वचन घेऊन येतो, आणि ते बहुधा ऐकणाऱ्याला नको असते. दुसरी गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही : तो क्वचितच संस्थेचा प्रमुख असतो. बेथेलचा याजक अमस्या याने आमोसला हाकलून लावले, तेव्हा आपण संदेष्टा नव्हतो व संदेष्ट्याचा पुत्रही नव्हतो, गुरे राखणारे होतो, असे आमोसने सांगितले. यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत सोडले गेले. त्याच्यासमोर मंदिरात उभा राहून सर्वांना हवे तेच सांगणारा हनन्याही संदेष्टाच म्हणवीत होता.

याहून महत्त्वाचा दाखला नाथानचा आहे. दावीद राजाने परमेश्वरासाठी मंदिर बांधण्याचा मानस बोलून दाखवला, तेव्हा नाथानने तत्काळ होकार दिला. त्याच रात्री परमेश्वराने त्याला उलट संदेश दिला, आणि नाथान परत राजाकडे गेला व आपलाच शब्द त्याने फिरवला (२ शमुवेल ७). म्हणजे खरा संदेष्टाही चुकू शकतो. मात्र आपला होकार आणि देवाचा नकार यांची तो गल्लत करीत नाही.

या कसोटीवर मॉर्मन इतिहास पाहू. 'सिद्धांत आणि करार' या त्यांच्या शास्त्रग्रंथात १३८ प्रकरणे आहेत. त्यांतील बहुतांश जोसेफ स्मिथ यांच्या नावावर आहेत आणि स्मिथ १८४४ साली तुरुंगात जमावाच्या गोळ्यांना बळी पडले. नंतरच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत ब्रिगम यंग यांचे एक प्रकटीकरण, जोसेफ एफ. स्मिथ यांचा १९१८ चा एक दृष्टान्त आणि दोन अधिकृत घोषणा, एवढीच लक्षणीय भर पडली. १९०४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीने प्रश्न केला तेव्हा, आपल्याला तशी प्रकटीकरणे मिळाल्याचा दावा आपण कधी केलेला नाही, असे याच जोसेफ एफ. स्मिथ यांनी शपथेवर सांगितले. १९९७ मध्ये हिंकली यांनी एका मुलाखतीत म्हटले की आता फारशा नव्या प्रकटीकरणाची गरज नाही, मिळालेल्याकडेच अधिक लक्ष द्यायला हवे. त्यांचे हे उत्तर वाचून कोणाही कॅथलिक ईशज्ञान्याला परिचित स्वर ऐकल्यासारखे वाटेल.

त्या दोन घोषणांपैकी पहिली १८९० ची. बहुपत्नीकत्वाविरुद्ध १८८७ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने पंथाची मालमत्ता जप्त होऊ लागली होती. मे १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला आणि सप्टेंबरमध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी असे विवाह थांबवीत असल्याचे जाहीर केले. न थांबवल्यास काय होईल ते प्रभूने आपल्याला दाखवले, असे त्यांनी सांगितले. सरकारी दडपण होते एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. देवाने बाबेलच्या सैन्याद्वारेही आपले म्हणणे ऐकवले होते. दुसरी घोषणा १९७८ ची. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद नाकारणारी बंदी स्पेन्सर किंबल यांनी उठवली. दीर्घ प्रार्थनेनंतर आलेला तो निर्णय मनापासून घेतलेला होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अडचण वेगळीच आहे. ही बंदी ब्रिगम यंग यांनी १८५२ मध्ये जाहीर केली होती. ती घालणारे कोणतेही प्रकटीकरण त्यांच्या शास्त्रात नाही. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यास पंथाच्या सर्वोच्च मंडळाने ती प्रभूची थेट आज्ञा असल्याचे लिहून दिले. २०१३ मध्ये पंथाने आपल्याच निबंधातून, बंदीच्या समर्थनार्थ पूर्वी मांडलेले सिद्धांत नाकारले. जी आज्ञा प्रभूची म्हणून सव्वाशे वर्षे पाळली, ती कोणाची होती? हा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राने कर्नेल्याच्या घरचा उंबरठा ओलांडला, तेव्हा यरुशलेममध्ये त्याला जाब विचारला गेला आणि त्याने घडलेले सर्व क्रमाने सांगितले. १९७८ ची घोषणा मात्र एवढेच कळवते की प्रकटीकरण मिळाले.

सर्वांत अलीकडचे उदाहरण अधिक बोचरे आहे, कारण त्याच्या केंद्रस्थानी लहान मुले आहेत. जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. नोव्हेंबरमध्ये मॉर्मन पंथाच्या नियमपुस्तिकेत बदल झाला : अशा जोडप्यांच्या मुलांना अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत बाप्तिस्मा मिळणार नाही. (मॉर्मन मुलांचा बाप्तिस्मा एरव्ही आठव्या वर्षी होतो.) जानेवारी २०१६ मध्ये, तेव्हा प्रेषितमंडळाचे अध्यक्ष असलेल्या नेल्सन यांनी सांगितले की हे धोरण म्हणजे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांना प्रभूने प्रकट केलेली इच्छा होय आणि ते पंधराही जणांना आत्म्याने पटले होते. एप्रिल २०१९ मध्ये तेच धोरण मागे घेण्यात आले. घोषणा ओक्स यांनी केली, अध्यक्ष नेल्सन होते आणि यावेळीही प्रकटीकरणाचाच आधार देण्यात आला. मधल्या साडेतीन वर्षांत काही कुटुंबे पंथ सोडून गेली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेल्सन यांनी विद्यार्थ्यांपुढे खुलासा केला की दोन्ही निर्णयांमागे प्रेमच होते.

विवाहाविषयी कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे व तिच्यात बदल झालेला नाही. परंतु आईवडिलांच्या स्थितीचा भार बालकाच्या माथी मारू नये, श्रद्धेत वाढवण्याची आशा असेल तर त्याला बाप्तिस्मा द्यावा, ही रीतही आपल्याकडे आहे. तो मुद्दा बाजूला ठेवला तरी नाथानची गोष्ट आठवते. २०१९ मध्ये कोणी उठून एवढेच म्हणाले असते, की चार वर्षांपूर्वी आम्ही आमचा शब्द प्रभूचा म्हणून सांगितला, तर ती कृती संदेष्ट्याला शोभली असती. ओक्स यांनी २०१५ मध्येच एका मुलाखतीत म्हटले होते की माफी मागण्याची वा मागवण्याची पंथाची परंपरा नाही.

यावर मॉर्मन बांधवांचे उत्तर आहे आणि ते ऐकले पाहिजे. संदेष्टा हा संदेष्टा म्हणून बोलत असेल तेव्हाच संदेष्टा असतो, असे जोसेफ स्मिथ स्वतः म्हणत. २०१३ च्या परिषदेत डीटर उख्टडॉर्फ यांनी नेत्यांच्या हातून चुका झाल्याची कबुलीही दिली. पण पंथाचा अध्यक्ष लोकांना चुकीच्या मार्गाने नेईल असे प्रभू कधीच होऊ देणार नाही, हे वुडरफ यांचे आश्वासनही त्यांच्या ग्रंथात छापलेले आहे. ही दोन विधाने एकत्र नांदत नाहीत. लोक गमतीने म्हणतात : कॅथलिक पोप प्रमादातीत आहेत असे सांगतात आणि तसे वागत नाहीत, मॉर्मन आपला संदेष्टा चुकू शकतो असे सांगतात आणि तसे मानत नाहीत.

गमतीतील पहिला अर्धा भाग आपल्यासाठी आहे. पोप नवीन प्रकटीकरणे मिळवतात, असे आपण मानत नाही. पेत्राच्या वारसांना पवित्र आत्मा दिला गेला तो नवे सिद्धांत उघड करण्यासाठी नव्हे, तर प्रेषितांकडून आलेली ठेव जपण्यासाठी, हे पहिल्या व्हॅटिकन महासभेने १८७० मध्ये, म्हणजे पोपचे प्रमादातीतत्व जाहीर करणाऱ्या त्याच दस्तऐवजात, नमूद केले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने आणखी पुढे जाऊन संदेष्टेपणाचा वाटा बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला दिला. ख्रिस्तामध्ये देवाने सर्व काही सांगितले आहे. समजून घेणे अजून संपलेले नाही. म्हणून आपल्याकडे संदेष्टे बहुधा पदाबाहेरून आले. सिएनाची कॅथरिन बिशप नव्हती, तरी तिने पोपना आव्हिन्यों सोडून रोमला परत येण्यास सांगितले. आपली झोळी स्वच्छ आहे असेही नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांना ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागावी लागली आणि बालकांवरील अत्याचार झाकून ठेवणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांची बरीचशी प्रकरणे त्यानंतर उघडकीस यायची होती. पैशांच्या बाबतीतही तसेच. प्रचंड गुंतवणूक कागदी कंपन्यांआड लपवल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०२३ मध्ये मॉर्मन पंथ व त्याच्या गुंतवणूक संस्थेला एकूण ५० लाख डॉलरचा दंड केला. त्याच वर्षी व्हॅटिकनच्या न्यायालयाने आर्थिक गैरव्यवहारात एका कार्डिनलना दोषी ठरवले.

या विषयाचा आपल्याशी थेट संबंध फारसा नाही असे वाटेल. पण १८५० च्या दशकातच मॉर्मन प्रचारक मुंबई व पुण्यात येऊन गेले होते, आणि २०१८ मध्ये नेल्सन यांनी बंगळुरू येथे मंदिर उभारण्याची घोषणा केली. परदेशी गेलेल्या आपल्या तरुणतरुणींची तर त्यांच्याशी गाठ पडतेच. त्यांनी हे लक्षात ठेवावे की मॉर्मन बाप्तिस्मा वैध नाही, असा निर्णय व्हॅटिकनच्या श्रद्धातत्त्वविषयक मंडळाने ५ जून २००१ रोजी दिला आहे. शब्द आपलेच असले तरी पवित्र त्रैक्याविषयीची त्यांची समजूत वेगळी आहे. म्हणून मॉर्मन व्यक्तीशी विवाह ठरल्यास बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाहासाठी लागते तीच बिशपांची विशेष मुभा घ्यावी लागते. यात वैर नाही. मार्च २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नेल्सन यांना व्हॅटिकनमध्ये भेट दिली, ती अशा प्रकारची पहिलीच भेट होती.

मग त्या पंथात संदेष्टेपणा मुळीच दिसत नाही काय? दिसतो, पण भलत्याच ठिकाणी. जून १९७६ मध्ये अमेरिका स्वातंत्र्याचा द्विशताब्दी उत्सव साजरा करीत असता किंबल यांनी पंथाच्या मासिकात लेख लिहून आपल्याच लोकांना ऐकवले की तुम्ही संपत्तीची आणि शस्त्रांची मूर्तिपूजा करीत आहात. मे १९८१ मध्ये युटा व नेव्हाडाच्या वाळवंटात अण्वस्त्रधारी एमएक्स क्षेपणास्त्रे फिरती ठेवण्याच्या योजनेला त्यांनी व त्यांच्या सल्लागारांनी उघड विरोध केला. ज्या राष्ट्राध्यक्ष रेगन यांना मॉर्मन मतदारांनी भरभरून मते दिली होती, त्यांच्याच सरकारपुढील ती योजना होती. ऑक्टोबरमध्ये रेगन यांनी तो आराखडा सोडून दिला. यांपैकी काहीही त्यांच्या शास्त्रग्रंथात समाविष्ट झाले नाही.

असेच एक पत्र १२ ऑगस्ट २०२१ चे आहे. महामारीत मुखपट्टी वापरा व लस घ्या, असे ९६ वर्षांच्या नेल्सन यांनी व त्यांच्या सल्लागारांनी सभासदांना लिहिले. एरव्ही त्यांच्या शब्दाला मान देणाऱ्या अनेकांना ते रुचले नाही. काहींनी ते सरळ धुडकावले. त्या पत्रात प्रकटीकरणाचा दावा नव्हता. वैद्यकीय तज्ज्ञांचे ऐका, एवढेच त्यात म्हटले होते.