खराट्याची साक्ष

वक्तृत्वाच्या वर्गांतून हल्ली असे सांगण्यात येते की, श्रोत्यांवर होणाऱ्या परिणामात शब्दांचा हिस्सा अवघा ७ टक्के, स्वराचा ३८ आणि मुखमुद्रेचा ५५. आणि या आकड्यांच्या भरवशावर, हातवारे, चाल व नजर घोटून घेतली म्हणजे कोणीही सभेस कार्यप्रवृत्त करू शकेल, अशी ग्वाही बेलाशक दिली जाते. या दाव्याचे मूळ दप्तर उघडून पाहिले पाहिजे. आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ज्या दोन प्रयोगांतून हे आकडे निघाले, त्यांत भाषण मुळी नव्हतेच. सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवून, आणि दुसऱ्या प्रयोगात चेहऱ्यांची छायाचित्रेही दाखवून, बोलणाऱ्याची भावना अनुकूल की प्रतिकूल एवढेच ओळखावयास सांगितले होते. भावना व वृत्ती यांच्या प्रकटीकरणापलीकडे हे समीकरण लागू नाही, असा खुलासा खुद्द मेहराबियन यांनीच केलेला आहे.

म्हणून देहभाषा निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. आंगिक, वाचिक आणि आहार्य यांच्या जोडीस भरताच्या नाट्यशास्त्राने सात्त्विक अभिनय सांगितला, आणि अश्रू, कंप, रोमांच हे मनाच्या एकाग्रतेवाचून उमटत नाहीत हे जाणले. नटालाही जी एकाग्रता चुकत नाही, ती लोकांना प्रत्यक्ष कृतीस लावू पाहणाऱ्या वक्त्याला कशी चुकावी?

अशा वक्त्याचा दाखला म्हणजे कीर्तनकार संत गाडगेबाबा. ते गावात येत ते हाती खराटा, अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि डोईवर फुटके खापर घेऊन. दिवसा ते गावाची घाण स्वहस्ते झाडीत, आणि रात्री त्याच वेषात कीर्तनास उभे राहून दारू, कर्ज, पशुबळी व अस्पृश्यता यांविषयी श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढवीत. दिवसभर झाडताना पाहिलेला मनुष्य स्वच्छतेविषयी बोलू लागला की त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागाच उरत नसे; खराटा शब्दांच्या बाजूने साक्षीस रुजू झालेला असे. परंतु कर्ज काढून सण करू नये, मुलांना शाळेत घालावे, हे काही खराटा सांगू शकत नव्हता. त्यासाठी वऱ्हाडी बोलीतले ते रोखठोक शब्दच लागत, आणि त्यांचे मोल ७ टक्के ठरविणे हा त्या कीर्तनांचा अवमान आहे.

तेव्हा वर्गचालकांस कळकळीची विनंती अशी की, तो आकडा फळ्यावरून पुसून टाकावा, आणि विद्यार्थ्यास हात कसा उचलावा हे शिकविण्यापूर्वी, जे तू लोकांस करावयास सांगणार आहेस ते स्वतः केले आहेस काय, असे विचारावे.