राखीव जागेची तजवीज

मध्य प्रदेशाच्या विधिमंडळाने भोपाळात 2010 साली लोकसेवांच्या हमीचा जो कायदा मंजूर केला, त्याचे महत्त्व दाखला अमुक दिवसांत मिळेल या आश्वासनात नव्हते, कारण अशी आश्वासने देण्यात कोणत्याच सरकारने कधी कसूर केलेली नाही. ते होते मुदत टळल्यास जबाबदार अधिकाऱ्याकडून दर दिवसास 250 रुपये, कमाल 5000 रुपयांपर्यंत, वसूल करण्याच्या कलमात. अर्जदाराच्या हाती तारखेची पोच पडावी, ती तारीख उलटल्यास अपील कोणापुढे करावयाचे हे त्यास ठाऊक असावे, आणि दंडाच्या रकमेतून त्याची भरपाईही व्हावी, ही व्यवस्था देशात प्रथम त्या राज्याने केली. महाराष्ट्रात तसा कायदा होण्यास 2015 साल उजाडावे लागले. 1956 साली नागपूरचे राजधानीपण संपून नव्या मध्य प्रदेशाचे दफ्तर भोपाळास थाटले गेले, तेव्हा तिकडे गेलेल्या मराठी कारकुनांच्या आणि अंमलदारांच्या वारसांनी ही गोष्ट थोड्या अभिमानाने सांगितली तर त्यांना कोणी दोष देऊ नये.

कायद्याने मुदत बांधली ती मात्र माणसाच्या हातून होणाऱ्या विलंबाला. आज अर्ज ज्या कारकुनाच्या मेजावर अडतो, त्याच्याही मागे एक अदृश्य कारकून बसलेला असतो, आणि त्याच्यापाशी काम तुंबले की खिडकीवरून ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढेच वाक्य बाहेर येते. हे वाक्य उच्चारणारा अधिकारी दंडास पात्र आहे की नाही, याचा खल कोणी फारसा करीत नाही. जून 2023 मध्ये भोपाळातील सातपुडा भवन या सरकारी कचेऱ्यांच्या इमारतीस लागलेल्या आगीत सरकारी कागदपत्रांची जी राख झाली, ती पाहिल्यावर दफ्तर कागदावरून यंत्रात नेण्याच्या धोरणास विरोध करणे शहाणपणाचे नव्हे. अरेरा हिल्सवर राज्याचे डेटा सेंटर आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे पाचवे राष्ट्रीय डेटा सेंटर भोपाळास होईल आणि त्यात पाच लाख आभासी सर्व्हर मावतील, अशी घोषणा 2018 साली झाली होती. घोषणेत आकडा होता तो सामावून घेण्याच्या शक्तीचा. रांग भरली, किंवा मध्येच तार तुटली, तर काय करावयाचे, हे मात्र घोषणांतून सांगण्याची आपल्याकडे रीत नाही.

तो अदृश्य कारकून म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधील ड्रायव्हर. वरून आलेली ‘हे लिहून ठेव’, ‘ते वाचून दे’ अशी प्रत्येक मागणी क्रमांक देऊन रांगेत लावणे, साठवण-यंत्राकडे रवाना करणे, उत्तर आले की क्रमांक मोकळा करून पुढच्यास देणे, हे त्याचे काम. जुन्या एएचसीआय पद्धतीत रांग एकच असे आणि तीत 32 मागण्या मावत. 2011 मध्ये एनव्हीएमई नावाचे प्रमाण प्रसिद्ध झाले आणि रांगांची मर्यादा 65,535 वर, तर प्रत्येक रांगेची लांबी 65,536 पर्यंत गेली. एवढे वैभव हाती आल्यावर काटकसरीची आठवण कोणास राहणार, असे वाटेल. परंतु ही कागदावरची कमाल मर्यादा असून, ड्रायव्हर प्रोसेसरच्या गाभ्यांइतक्या रांगा मागतो, यंत्र आपल्या कुवतीप्रमाणे त्यांतल्या काही मंजूर करते, आणि मंजूर झाल्या तेवढ्यांत निमूटपणे संसार करणे ड्रायव्हरला भाग पडते.

2016 मध्ये हेच प्रमाण जाळ्यावरून दूरच्या साठवण-यंत्रापर्यंत नेण्यात आले, आणि तेथे जो पेच उभा राहिला तो माझ्या मते प्रशासनशास्त्राच्या पाठ्यक्रमात घालण्याच्या योग्यतेचा आहे. जाळ्यावरची प्रत्येक रांग ‘कनेक्ट’ या आज्ञेने उघडावी लागते. आणि ही आज्ञाही शेवटी एक मागणीच असल्यामुळे तिलाही क्रमांक लागतो. आता कल्पना करा की रांग गच्च भरलेली असताना संबंध तुटला. पाठविलेल्या मागण्या परतवून पुन्हा धाडण्यासाठी थांबवून ठेवल्या, तरी त्या आपापले क्रमांक धरून बसतात. संबंध पुन्हा जुळल्यावाचून त्या पुढे सरकणार नाहीत, आणि संबंध जुळविणाऱ्या आज्ञेस क्रमांक मिळाल्यावाचून संबंध जुळणार नाही. सर्वजण सर्वांची वाट पाहतात आणि दोष कोणाचाच नसतो. अशा केंद्रांत सर्रास चालणाऱ्या लिनक्सने यावर केलेली तजवीज अगदी साधी आहे: एक क्रमांक अगोदरच बाजूला काढून ठेवलेला असतो, आणि सामान्य मागण्यांची गर्दी कितीही झाली तरी तो त्यांना दिला जात नाही. यंत्राच्या व्यवस्थेविषयीच्या आज्ञांची जी वेगळी प्रशासकीय रांग असते, तीत पूर्वी असे दोन क्रमांक राखीव असत, एक कनेक्टसाठी आणि दुसरा ‘मी जिवंत आहे’ असे ठराविक अंतराने कळविणाऱ्या संदेशासाठी. 2021 मध्ये विचारांती असे ठरले की कनेक्टची वेळ येते ती रांग नवीन असताना किंवा बाकीच्या आज्ञा सक्तीने रद्द केल्यानंतरच, सबब एक क्रमांक पुरे. राखीव जागा ठेवावी, पण तिचे वतन होऊ देऊ नये, ही दृष्टी मला त्या मूळ तजविजीहूनही अधिक प्रौढ वाटते.

प्रतीक्षेलाही तेथे सीमा आहे. सामान्य मागणीस 30 सेकंद, जिवंतपणाच्या संदेशाचा काळ 5 सेकंद, तुटलेला संबंध जोडण्याचा प्रयत्न दर 10 सेकंदांनी, आणि सलग 600 सेकंद अपयश आले की त्या यंत्राचा नाद सोडून वरच्या प्रणालीस स्पष्ट नकार कळवावयाचा, असे हे मूळचे बेत असून चालविणाऱ्यास ते बदलता येतात. बदलताना प्रयत्न अखंड चालू ठेवण्याचीही मुभा असते, आणि ज्यास नकाराची भीती वाटते असा व्यवस्थापक तीच पसंत करण्याचा संभव मोठा. मग खिडकीवरचे चक्र दिवसभर गरगरत राहते, आणि अर्जदारास ‘आज काम होणार नाही, उद्या या’ एवढाही जबाब मिळत नाही. नकार कटू असतो हे खरे. पण तो मिळाला म्हणजे मजुरी बुडवून आलेल्या मनुष्यास निदान घरी जाता येते, आणि अपीलही नकाराविरुद्धच करता येते.

म्हणून निविदा काढणाऱ्या खात्यांनी टेराबाइटांच्या मोजमापाखाली आणखी दोन कलमे घालावीत, असे माझे मत आहे. पहिले असे की यंत्रसामग्री ताब्यात घेण्यापूर्वी, पूर्ण भार चालू असताना, साठवणीकडे जाणारी तार खात्याच्या अभियंत्याने स्वहस्ते उपटावी, काही मिनिटांनी पुन्हा जोडावी, आणि किती अर्ज सुखरूप परतले, किती नाकारले गेले व किती अधांतरी राहिले याचा पंचनामा करावा. अधांतरी एकही राहिला तरी बिल अदा होऊ नये. दुसरे असे की यंत्राने मुदत टळल्याची जी नोंद स्वतःहून ठेवलेली असते, ती लोकसेवा हमीच्या विलंबपत्रकास दरमहा जोडावी आणि त्या विलंबासाठीही एका अधिकाऱ्याचे पद नेमून द्यावे. 250 रुपयांचा दंड त्यास जाचक वाटला, तर तो तार उपटण्याची परीक्षा अधिक वेळा घेईल.