काटेरी पट्टा घेण्याआधी

"कुत्रा फार ओढतो हो," असं पेट शॉपमध्ये सांगून बघा. दुकानदार बऱ्याचदा खुंटीवरून एक चकचकीत पट्टा काढून हातात देतो. स्टीलच्या कड्या, आणि आतल्या बाजूला बोथट काटे. "हा घाला, उद्यापासून ओढणार नाही." तो अगदीच खोटं बोलत नसतो, कारण बरेच कुत्रे पहिल्याच दिवशी ओढायचे थांबतात. पण पट्टा मानेवर नेमका कुठे बसवायचा, किती घट्ट, दोरी कशी धरायची आणि हा पट्टा सुटणार कधी, हे तो सांगत नाही. बहुतेक वेळा त्यालाही ते माहीत नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक घरांना या पट्ट्याची गरज नसते. तरी तो वापरणाऱ्या सगळ्यांना निर्दयी ठरवायलाही मी तयार नाही. पस्तीस किलोचा लॅब्रॅडॉर आणि साठी ओलांडलेल्या आजी अशी जोडी अनेक घरांत असते. मुलगा परदेशी गेला, कुत्रा मागे राहिला. कुत्र्याने एकदा मांजरामागे झेप घेतली तर आजींचं मनगट मोडू शकतं. त्या भीतीने फिरणंच बंद झालं की कुत्रा चोवीस तास बाल्कनीत. तेही काही सुख नव्हे. म्हणून ज्यांच्या घरी हा पट्टा आधीच आला आहे, त्यांच्याशी आधी बोलतो.

हा पट्टा चालतो कसा, ते समजून घ्या. दोरी ताणली की छोटी साखळी आवळते आणि काटे मानेभोवती सगळीकडून दाबतात. आई पिल्लाला मानेला धरते तसंच हे, असं काही ट्रेनर सांगतात. ते मनावर घेऊ नका. कुत्र्याला त्रास होतो म्हणून तो थांबतो, एवढंच खरं आहे. त्याला शिकवतो तो दाब नव्हे, दाब सुटण्याचा क्षण. तो अर्धं पाऊल मागे आला की त्याच क्षणी दोरी सैल पडली पाहिजे. दोरी सतत ताणलेली ठेवून चालणारे मालक मी रोज बघतो. त्यांच्या कुत्र्याला त्या दाबाची सवय होते, आणि तो काट्यांसकट ओढायला शिकतो. मग मालक म्हणतात, "आता यानेही फरक पडत नाही."

बसवण्यात सगळ्यात जास्त चूक होते. पट्टा माळेसारखा छातीजवळ लोंबता नको. तो कानांच्या लगेच मागे, जबड्याच्या खाली, मानेच्या वरच्या भागात बसला पाहिजे. काटे कातडीला हलके टेकलेले हवेत. कुत्र्याने डोकं झटकलं तरी तो खाली घसरता कामा नये. सैल ठेवला तर कुत्र्यावर दया होते असं लोकांना वाटतं, पण घडतं उलटंच. सैल पट्टा एकसारखा न दाबता एकदम आदळतो. चांगल्या पट्ट्यात पुढे एक सपाट पट्टी असते, ती श्वासनलिकेवर यावी. डोक्यावरून ओढून कधी घालू नका. एक कडी दाबून उघडायची आणि मानेभोवती लावायची. मोठा झाला तर कड्या काढून कमी करायचा. हीच कडी एखाद्या दिवशी रस्त्यातच उघडते, म्हणून सोबत साधा पट्टा हवाच, आणि दोन्ही पट्टे एका छोट्या दोरीने जोडलेले हवेत. मुंबईच्या रहदारीत सुटलेला कुत्रा पकडायची दुसरी संधी मिळेलच असं नाही.

दोरी साधी, पाच-सहा फुटांची घ्या. आपोआप लांबणारी-आखडणारी दोरी याला अजिबात जोडू नका, तिच्यात कायमच ताण असतो. झटके देऊ नका. पट्टा दाराशी घाला, फिरून आलात की दाराशीच काढा. तो घालून कुत्र्याला बांधून ठेवायचं नाही, घरात मोकळं सोडायचं नाही, दुसऱ्या कुत्र्याशी खेळू द्यायचं नाही, कारण खेळताना दुसऱ्याचा दात कडीत अडकतो. घरी आल्यावर मानेवरचे केस बाजूला करून कातडी बघा. लाल वळ, ओरखडा, केस गळाल्याची जागा दिसली तर पट्टा बंद आणि पशुवैद्याकडे. स्वस्त नकलांच्या काट्यांची टोकं घासलेली नसतात, आणि आपल्या पावसाळ्यात त्यांचा मुलामा उडून गंज धरतो. बोट फिरवून बघा. तुमच्या बोटाला जे टोचतं ते त्याच्या मानेला टोचणारच.

काही कुत्र्यांच्या गळ्यात तर हा पट्टा पडूच नये. पिल्लं, पगसारखे चपट्या नाकाचे, श्वासनलिका नाजूक असलेले पॉमेरेनियनसारखे छोटे कुत्रे, मानेचं किंवा डोळ्यांच्या दाबाचं दुखणं असलेले कुत्रे. भित्रे आणि चिडके कुत्रेही. या शेवटच्या दोघांसाठीच तो सर्रास आणला जातो, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडे गल्लीगणिक भटक्या कुत्र्यांची हद्द असते. तुमचा कुत्रा त्यांना बघून झेपावतो, काटे दाबतात, आणि त्याच्या डोक्यात हिशेब पक्का होतो की समोर कुत्रा आला की मान दुखते. पुढच्या वेळी तो आणखी लांबून, आणखी जोरात भुंकतो. काही कुत्रे त्या वेदनेत वळून मालकाचीच पोटरी धरतात. "पट्टा घातल्यापासून जास्तच चिडका झालाय" ही तक्रार अनेकदा इथूनच येते. अशा कुत्र्याला अंतर लागतं. रस्ता ओलांडा, वेळ बदला, दुरून तो भटका कुत्रा दिसला की खाऊ द्या, आणि जवळ जायची घाई करू नका.

दुसरी गोष्ट सोसायट्यांतली. फिरवायला मुलगा ठेवलेला असतो. त्याच्या एका हातात तीन दोऱ्या, दुसऱ्या हातात मोबाइल. त्याला दोष देत नाही, कारण त्याला कुणी काही शिकवलेलंच नसतं. पण अशा हातात काटेरी पट्टा देऊ नका. तुम्ही स्वतः फिरवणार नसाल, तर तुमच्या घरात या पट्ट्याला जागा नाही.

हिमालयातले गद्दी मेंढपाळही आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काटेरी पट्टे घालतात, पण त्यांचे काटे बाहेरच्या बाजूला असतात, बिबट्याने मान धरू नये म्हणून. आतल्या काट्यांसाठी प्रसिद्ध असलेली हर्म स्प्रेंगर ही कंपनी जर्मनीतली, आणि त्याच जर्मनीत 1 जानेवारी 2022 पासून कुत्र्यांना शिकवताना काटेरी पट्टा वापरायला कायद्याने बंदी आहे. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात या पट्ट्याचं नाव नाही, पण प्राण्याला अनावश्यक वेदना देणं हा कलम 11 खाली गुन्हा आहेच.

ज्यांनी अजून घेतलेला नाही, त्यांनी आधी छातीवर कडी असलेला हार्नेस घेऊन बघावा. त्यात कुत्रा ओढायला गेला की आपोआप तुमच्याकडे वळतो, आणि मानेवर काहीच येत नाही. आजींसाठी मला हाच बरा वाटतो. पण हार्नेसही शिकवत नाही, शिकवायचं तुम्हालाच आहे. सुरुवात घरातल्या पॅसेजमध्ये करा. पायाशी चालला की लगेच त्याच्या रोजच्या खाण्यातला एक दाणा. दोरी ताणली की झाडासारखे थांबा, सैल झाली की पुढे चला. मग जिना, मग पार्किंग, रस्ता सगळ्यात शेवटी. फिरताना त्याला मनसोक्त वास घेऊ द्या. पंधरा मिनिटं हुंगलेला कुत्रा परतीच्या वाटेवर कमी ओढतो. यात आठवडे जातात, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळावा लागतो. बाबा थांबतात आणि ताई ओढू देते, असं असेल तर कुठलाच पट्टा उपयोगाचा नाही.

ज्यांच्याकडे काटेरी पट्टा आहे त्यांनीही हाच अभ्यास साध्या पट्ट्यावर रोज थोडा करावा. काही महिन्यांनी काटेरी पट्टा कपाटात गेला नाही, तर कुत्रा काहीच शिकलेला नाही असं समजा.

आणि ट्रेनर शोधताना एवढं करा. पहिल्या भेटीत तो तुमच्या कुत्र्याला कसा हात लावतो ते बघा. पट्टा गळ्यात बसायच्या आत जो झटका देऊन "बघा, कसा गप्प झाला" असं दाखवतो, त्याला पैसे देऊ नका.